खिडकीजवळची जागा

तुरुंगात माणसाचं सगळं हिरावून घेतात. स्मृती तेवढी हिरावता येत नाही. प्रा. गंगाधरपंतांच्या तुरुंगातल्या आठवणींची ही सुरुवात. सांगलीतल्या सत्कारात त्यावर टाळ्या पडल्या होत्या. आता ते पुस्तक वडूजच्या अंबूबाईच्या मांडीवर होतं, आणि समोर खुर्चीत बसलेल्या गंगाधरपंतांना तिच्या नवऱ्याचा चेहरा आठवत नव्हता.

“मास्तरांकडनं दोन डाव वाचून घेतलं,” अंबूबाई म्हणाली. “आमटी लय येळा येती. आमच्या मालकांचं नाव एकदाबी न्हाई.”

“नाथाजी ना? कसे विसरीन! पानं वाढली म्हणून प्रकाशकानं गाळले.”

“आणीबाणीत तुमच्याच शेजारी व्हतं. त्यांची पत्रं तुमीच लिवून द्याचा. ‘खिडकीजवळ हातरून हाय, वारं येतं, काळजी करू नगं.’ मग तापानं गेलं. बेंदराच्या दिशी, बैलांच्या सणाला.” तिनं पुस्तक खाली ठेवलं. “जाताना काय म्हनलं, तेवढं सांगा. दुसरं काय नगं.”

बाई पहाटेच्या एस्टीनं आली होती. तिला रिकाम्या हातानं परत पाठवणं एका लेखकाला शोभलं नसतं. गंगाधरपंतांनी डोळे मिटले आणि सत्कारातला आवाज काढला.

“माझ्या मांडीवर डोकं होतं. ‘अंबू... अंबू...’ म्हणत गेले.”

अंबूबाईनं मान वर केली.

“आवं सर, मालकांनी मला जन्मात नावानं हाक मारली न्हाई. ‘आगं ए’ म्हनायचं.”

“हां, म्हणजे आधी ‘अगं ए’च म्हणाले,” गंगाधरपंत घाईनं म्हणाले. “नाव अगदी शेवटी घेतलं.”

“सगळ्यांच्या म्होरं?”

“सगळ्यांच्या समोर.”

तिनं तोंडाला पदर लावला. लाजली की रडली, ते गंगाधरपंतांना कळलं नाही. मग ती उठली, त्यांच्या पाया पडली आणि स्टँडकडं निघून गेली.

प्रसंग झकास जमला होता. दुसऱ्या आवृत्तीत घालायलाच हवा. तारीख चुकू नये म्हणून गंगाधरपंतांनी कपाटातून तुरुंगातली डायरी काढली. बेंदराच्या पानावर त्यांच्याच अक्षरात एवढंच लिहिलेलं होतं:

‘खिडकीजवळची जागा मिळाली. वारा छान येतो.’