धुक्यातली हरिणी

पॉर्क्युपाइन नदीच्या मधोमध होडीचं इंजिन बंद पडलं, तेव्हा धुक्यात दोन्ही काठ दिसेनासे झाले होते. खालच्या अंगाला खडकांवर आदळणाऱ्या पाण्याचा आवाज वाढत होता. तिच्यासोबत शिकारीला निघालेला मायराचा दीर लाझरस वल्हं धरून नुसताच बसला. "भाऊजी, ती बघा!" मायरा ओरडली. एक कॅरिबू हरिणी, या जातीत माद्यांनाही असणारी शिंगं वर धरून, सरळ पोहत होती. "हिला काठ ठाऊक आहे. मारा वल्हं!" दोघं जीव खाऊन तिच्यामागे गेले. होडी वाळूत रुतली. हरिणी काठावर चढून, अंग झटकत समोरच थांबली. लाझरसनं सवयीनं बंदूक उचलली. मायरानं नळीवर हात ठेवला. "वहिनी, मग पोरं काय धुकं खाणार?" "मागून कळप येईल की. हिला तेवढं नको." त्यानं बंदूक खाली ठेवली. टोपी काढून तो झुडपांत शिरणाऱ्या हरिणीला म्हणाला, "उपकार झाले गं बाई!"