झाकलेलं बोळकं

नर्सने वाटीतली कवळी पुढे केली, तसा जावई चमकला. "आईंना कवळी होती?"

"चाळिशीतच दात गेले तिचे," रघुवीरराव म्हणाले. "मला ठाऊक आहे, हे मात्र तिला कधी कळू दिलं नाही."

नवऱ्याला बोळकं दिसू नये म्हणून प्रमिलाबाई झोपतानाही कवळी काढत नसत. त्यात मधुमेह. टाळूवर पांढरा थर धरला, घास गिळताना डोळ्यांत पाणी येऊ लागलं. "तिखट लागलं," त्या म्हणायच्या. रघुवीररावांना सगळं दिसत होतं. पण 'रात्री काढून ठेवत जा' एवढं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. तिला ओशाळल्यासारखं झालं असतं.

कवळीखालची बुरशी आता रक्तात उतरली होती. डॉक्टरांनी औषधं बदलून पाहिली. आज ते नुसतेच येऊन गेले.

रघुवीरराव आत गेले. प्रमिलाबाईंनी त्यांना ओळखलं आणि सलाईनचा हात तोंडाकडे नेऊ लागल्या. तो अर्ध्यातच गळून पडला.

"राहू दे गं," असं म्हणायला ते वाकले. पण तिच्या डोळ्यांतली लाज त्यांना बघवेना. ते खिडकीकडे वळले आणि तिथेच पाठमोरे उभे राहिले.