मागचा काठ

हैदराबादहून आलेल्या साहेबांनी मान हलवली आणि सिदूनं विमान त्याच्या पोटाखाली धरून हवेत सोडलं.

पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं, बिनइंजिनाचं विमान ते. साहेबांनी वीस आकडे मोजेपर्यंत तरंगलं असतं, तर सिदू विमानांचे नमुने बनवणाऱ्या कारखान्यात लागला असता. निजामाचं राज्य जाऊन बारा वर्षं झाली, तरी नळदुर्गच्या सुताराला असं कुणी विचारलं नव्हतं. काल हेच विमान अख्खं मैदान ओलांडून लिंबापर्यंत गेलं होतं. आज दहा पावलं गेलं, नाक वर करून थबकलं आणि धपकन मातीत पडलं. साहेब हसलेही नाहीत. जीपमध्ये बसून निघून गेले.

सिदूनं विमान उचलून पंखाच्या मागच्या काठावर बोट फिरवलं. महिनाभर काचेनं खरवडून कागदासारखा पातळ केलेला काठ पाळण्याच्या दांडीसारखा गोल झाला होता. शेपटीचाही तसाच. पुढचा काठ गोल हवा, मागचा पातळ, म्हणजे वारा अंगावरून अलगद सुटतो. हे त्यानं लाकडी खेळणी करणाऱ्या आपल्या गुंडाप्पा वस्तादांना इतक्यांदा सांगितलं होतं, की म्हाताऱ्याला ते तोंडपाठ झालं होतं.

"वस्ताद, याला हात लावला व्हय तुमी?"

शेजारी उभ्या गुंडाप्पानं मान खाली घातली. "सकाळी फडक्यात गुंडाळताना काठ बोटाला लागला रं. पोरासोरांना कापंल म्हणून पॉलिशपेपर फिरवला. चाळीस वर्साची खोड. चुकलं माजं."

खोड खरीच होती. गुंडाप्पाच्या खेळण्यानं आजवर एकाही पोराचं बोट कापलं नव्हतं, आणि ही बढाई साऱ्या गावाला पाठ होती. शिवाय बाप मेल्यावर नऊ वर्षांच्या सिदूला ताटातला घास आणि हातात रंधा यानंच दिला होता. या निपुत्रिक म्हाताऱ्यावर रागवायचं तरी कसं? सिदू वाकून पाया पडला.

"जाऊ द्या, वस्ताद. म्या आता कुठंच जात न्हाय. हितंच ऱ्हातो, तुमच्यापाशी."

"लई गुणाचं लेकरू," म्हणत म्हाताऱ्यानं डोळे पुसले. सुटल्यासारखा श्वास टाकून तो फडकं आणायला वळला.

सिदूनं पंख पुढून मुठीत धरला. तळवा चरचरला. मूठ उघडली, तर रक्ताची बारीक रेघ.

पुढच्या गोल काठाला कुणीतरी पटाशीसारखी धार लावली होती.