अकरावा खिळा

'स्पर्धक क्रमांक ३१८ यांनी धावण्याच्या तिसऱ्या फेरीत पूर्ण अंतर कापले नसल्याने त्यांची शर्यत अपूर्ण समजण्यात येत आहे.' आयोजन समितीचा निर्णय एवढाच होता.

वडिलांनी तो उभ्या उभ्या तीनदा वाचला. पस्तीस वर्षे त्यांनी कायद्याच्या विद्यार्थ्यांना पुरावा म्हणजे काय ते शिकवले होते. या वाक्यात त्यांना पुरावा सोडून सगळे सापडले.

"अंदाजालाच निष्कर्ष म्हणतायत. पहिल्या वर्षाच्या पोरालाही मी यावर नापास केलं असतं."

"जाऊ द्या ना बाबा," सोफ्यावर बसून तळपायाच्या फोडांना मलम लावत मुलगी म्हणाली. चौतीस वर्षांची ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासत असे. "पाय सोलवटलेत, म्हणजे धावले. एवढा पुरावा बास."

"तुला बास. भिंतीला नाही."

भिंतीवर तिच्या प्रमाणपत्रांच्या दहा चौकटी होत्या. पहिल्या चौकटीत चौथीची शिष्यवृत्ती, दहाव्या चौकटीत पदवी; प्रत्येकीखाली वडिलांच्या अक्षरात तारीख. अकराव्या जागी नुसता खिळा होता. पावणेचार किलोमीटर पोहणे, एकशे ऐंशी सायकल, बेचाळीस धावणे, हे सारे एका दिवसात उरकण्याचे खूळ मात्र तिने स्वतःहून डोक्यात घेतले होते. तिसऱ्याच आठवड्यात त्याच्या सरावाचे वेळापत्रक वडिलांच्या अक्षरात फ्रीजवर लागले.

पुढचे चार दिवस वडील एका जागी बसले नाहीतच. जेवतानाही ते उठत, काहीतरी लिहीत, परत येत. तीही खोल्यांतून उगाच फिरत राही आणि त्या भिंतीशी आली की वळे.

वडिलांच्या अपिलाच्या सुनावणीला समितीचे अध्यक्ष होते. पेशाने दंतवैद्य. त्यांनी समोरचा गठ्ठा चाळला.

"सर, दात काढताना आम्ही एवढे कागद घेत नाही."

"तरीच भलता दात निघतो."

अध्यक्ष हसले. मग त्यांनी आपली बाजू मांडली. स्पर्धकाच्या घोट्याला चिप असते. रस्त्यावरच्या चटईवरून पाय गेला की नोंद होते. सात किलोमीटर जायचे, वळायचे, त्याच वाटेने परत यायचे, अशा तीन फेऱ्या. वळणावरच्या चटईने हिचे पाय दोनदा मोजले, तिसऱ्यांदा नाही.

"अर्ध्यातून वळून लबाडी करणारा लवकर पोहोचतो," वडील म्हणाले. "हिला तिसऱ्या फेरीला दुसरीपेक्षा तीन मिनिटं जास्त लागली. वळणावर पाणी देणाऱ्या तुमच्याच बाईंनी लिहून दिलंय की ही तिन्ही वेळा आली, आणि शेवटच्या वेळी हसत होती. बेचाळीस किलोमीटरच्या शेवटी कोणी हसलं, तर ते लक्षात राहतं."

"मग नोंद का नाही?"

"चिपचा पट्टा सदोष. हे फोटो बघा. डाव्या घोट्याला चिप मी स्वतः बांधली, दुहेरी वेढा देऊन. दुसऱ्या फेरीत ती डावीकडेच आहे. शेवटच्या रेषेवर उजवीकडे. वाटेत सुटली म्हणून बिचारीला थांबून बांधावी लागली. तुमची तीन मिनिटं तिथे गेली."

अध्यक्षांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ पाहिले.

"मान्य," ते म्हणाले. "निकाल बदलतो. प्रमाणपत्र आजच देऊ. फक्त खेळाडूचं स्वतःच्या हातचं निवेदन लागेल, तेवढा नियम आहे."

मुलगी इतका वेळ पेनाचे टोपण काढत आणि लावत होती. तिने कागद ओढला आणि न थांबता लिहिले.

"आण, भाषा बघतो," म्हणत वडिलांनी हात पुढे केला.

कागद त्या हाताशेजारून सरकत अध्यक्षांपुढे गेला. त्यांनी तो मनात वाचला, एकदा वडिलांकडे पाहिले आणि मग नियमाप्रमाणे मोठ्याने वाचला:

'अंतर मी पूर्ण धावले. तिसऱ्या फेरीत वळणाच्या अलीकडे चिप सोडून दगडाखाली ठेवली, चटई ओलांडून आले आणि ती पुन्हा बांधली. चिप शेवटच्या रेषेवर पोहोचली नाही, तर स्पर्धक हरवला समजून माणसं रस्ताभर शोधत फिरतात, म्हणून ती परत आणली. निकाल आहे तसाच ठेवावा. भिंतीवरचा खिळा शर्यतीच्या आदल्या दिवशीच ठोकलेला होता.'