डबा संपायच्या आत

खर्रर्र... पत्र्यावर चमचा घासल्याचा आवाज आला आणि सेरेनाच्या हातातला घास हातातच राहिला.

बाहेर स्कोफिल्ड्सच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सिडनीत लॉकडाऊन लागून दुसरा महिना सुरू होता. आवाज आला होता टोस्टरला टेकवलेल्या फोनमधून, थेट वसईच्या स्वयंपाकघरातून. पण स्क्रीनवर नुसता पंखा गरगरत होता. पप्पा फोन ओट्यावर उताणा टाकून कुठेतरी खुडबुडत होते.

"पप्पा, काय चाललंय?"

"कोको करतोय. तूच सांगितलंस ना?"

सांगितलं होतं खरं. युनिव्हर्सिटीतल्या लॅबमध्ये सेरेनाचं कामच ते. उंदरांना तुपकट खाणं घालून त्यांच्या लिव्हरवर चरबी चढवायची, मग त्यातल्या निम्म्यांच्या खाण्यात कोको मिसळायचा आणि काही फरक पडतो का बघायचं. पप्पांच्या सोनोग्राफीतही फॅटी लिव्हर निघालं, तेव्हापासून त्यांना त्या उंदरांचा भारी लळा. गेल्या वर्षी जानेवारीत वसईहून निघताना तिने बिनसाखरेच्या कोकोचा मोठा डबा त्यांच्या हातात ठेवला होता. "औषध नाही हं हे. पण तुमच्या त्या गोडमिट्ट चहापेक्षा बरं. रोज एक चमचा घ्या. आणि हा संपायच्या आत मी येतेच."

मार्चमध्ये विमानं थांबली.

पप्पांचा चेहरा एकदाचा स्क्रीनवर आला. हनुवटीच्या खालचं काही दिसू नये इतका जवळ.

"काय म्हणतात तुझे उंदीर?"

"पहिल्या खेपेत कोकोवाल्यांच्या लिव्हरमध्ये चरबी कमी निघाली. थोडीशीच, पण कमी."

"बघ! आणि बाकी खाणं तेच ना त्यांचं? तुपकट?"

"तेच."

"मग मी फुगे कशाला सोडू?" त्यांनी मैद्याचा एक टम्म तळलेला फुगा कॅमेऱ्यासमोर नाचवला. "कॉन्स्टन्सने आताच पाठवलेत. शेजारीण असावी तर अशी."

सेरेना हसली नाही. "पप्पा, फोन खाली करा. पाय दाखवा."

"पायांत काय बघायचंय? आहेत जागेवर."

"सुजलेत?"

"तू हे बघ," म्हणत त्यांनी डबा कॅमेऱ्याला लावला.

निळं झाकण. काठाला पोचा. निघायच्या दिवशी घाईत तिनेच चमच्याच्या दांड्याने ते उचकटलं होतं. आत तळाच्या कडेला तपकिरी रेघ उरली होती.

"पप्पा... हा तोच डबा?"

"मग दुसरा कुठला?"

"दीड वर्ष झालं! रोज एक चमचा घेतला असता तर कधीच संपला असता."

"टोकावर येईल तेवढा घेतो. चव लागते तेवढ्याने."

"अहो, चवीसाठी दिलाय का मी?" तिचा आवाज चढला. "उंदरांना आम्ही मोजून देतो. रोज. अख्खी युनी बंद आहे, पण त्यांना घालायला कोणीतरी हवं म्हणून मला पास दिलाय. आताही तिथूनच आले."

"त्यांच्याकडे तू रोज जातेस, बाय."

रागाने नव्हते बोलले ते. पाऊस आहे का तिकडे, असं विचारावं तसे बोलले.

सेरेना ताटातला भात चिवडत राहिली. सरकारच्या परवानगीशिवाय देशाबाहेर जाता येत नव्हतं; तिने ती मागितली होती. ती अजून आली नव्हती. मग म्हणाली, "आजच दुसरा मागवते. तिथल्या दुकानातून घरपोच देतील."

"दुसरा नको."

"का पण?"

पप्पांनी झाकण बसवलं आणि तळव्याने ठोकून घट्ट केलं.

"हा संपलेला नाही अजून."

तेवढ्यात ऑनलाइन शाळेतून सुटका झालेली वेंडी गळ्यात हेडफोन लटकवून आली आणि आईच्या मांडीवर चढली. "हाय, ग्रँपा! व्हॉट्स इन द टिन?"

"कोको. तुझ्या मम्माने दिलाय."

"संपव ना मग."

"कसा संपवू? तुझी मम्मा म्हणाली, डबा संपायच्या आत येते. म्हणून जपून वापरतोय."

वेंडीने भुवया जवळ आणून विचार केला. मग तिचा चेहरा एकदम उजळला.

"ग्रँपा, फिनिश इट! टुडे! सगळा पिऊन टाक!"

पप्पा हसले. हसता हसता थांबले. त्यांचा हात झाकणावरच होता.

वेंडीने मान वळवून आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"देन यू हॅव टु गो. राइट, मम्मा?"