मधली शिवी

पक्षाघातानंतर क्लॅरीची वाचा तपासायला इस्पितळातली एक तरुण मुलगी आली.

"क्लॅरी, राहता कुठे तुम्ही?"

"कूनाबराब्रन."

"वा, किती स्वच्छ! वाचा शाबूत आहे."

क्लॅरीच्या बायकोचा, बेरिलचा, चेहराच पडला. "कसली शाबूत, पोरी? आमच्या गावाचं नाव ह्याने मधे शिवी कोंबल्याशिवाय कधी घेतलं नाही. पाद्रीबाबांसमोरसुद्धा!" मग नवऱ्याच्या कानाशी वाकून ती म्हणाली, "तुझा ट्रॅक्टर सध्या शेजारचा नॉर्म चालवतोय, बरं का."

क्लॅरी लालबुंद झाला. "नॉर्म? बूट आण माझे! आत्ताच्या आत्ता कूना-च्यायला-बराब्रनला जायचंय!"

जन्मभर याच शिवीपायी त्याला भरल्या ताटावरून उठवणाऱ्या बेरिलने डोळे पुसले.

"आता म्हण, पोरी. आता म्हण शाबूत."