डेस्मंडची सुटका

शहराच्या तुरुंगातून फोन आला. "मॅडम, तुमचा डेस्मंड सुटला."

व्हर्लीननं हातातला डाव खाली ठेवला. "देवा! कितीच्या बसनं येतोय माझा लेक?"

"बसनं नाही. हॉस्पिटलात आहे, व्हेंटिलेटरवर. लगेच या."

"अहो, मग सुटला काय म्हणता?"

"दुपारीच सुटकेच्या कागदावर कोर्टाची सही झाली. आता तो आमचा कैदी नाही."

ती पोचायच्या आत डेस्मंड गेला.

वर्षअखेरीस नगरसेवकांसमोर तुरुंगाच्या साहेबांनी अहवाल वाचला. "यंदा आमच्या ताब्यात असताना एकही कैदी दगावला नाही."

मग लोकांची बोलायची पाळी आली, माणशी दोन मिनिटं. व्हर्लीन माइकपाशी गेली.

"तुमच्या कागदावर माझा डेस्मंड सुटलाय, साहेब. मग अजून घरी का नाही आला?"

उरलेली पावणेदोन मिनिटं ती तिथंच उभी राहिली.